मोटार चालू होती

विजू गेली तेव्हा मी साक्रीत होतो. माझ्या दुकानाच्या पाइपांच्या ऑर्डरी घ्यायला महिन्यातून एकदा तिकडे चक्कर असते. एका दुकानदारासमोर चहाचा कप धरून बसलो होतो आणि माझ्या बायकोचा, ज्योतीचा फोन आला. "तुम्ही निघा," एवढंच ती म्हणाली. तीन दिवसांचा ताप, आदल्या दिवशी दवाखान्यात ठेवलेलं. सकाळी खाटेवरून तिनंच मला "जा भाऊ, लोक वाट बघत असतील" म्हणून पाठवलं होतं... माझी धाकटी बहीण, एकोणपन्नास वर्षांची. साक्रीहून जळगावला येताना धुळं लागतं. सरळ निघून यायचं, तर का कोण जाणे, मी गाडी देवपुरात घातली. ज्या गल्लीत ती अकरा वर्षं एकटी राहिली, तिच्या तोंडाशी थांबलो. झेरॉक्सच्या दुकानावर गिटार क्लासची पाटी अजून होती. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा निघालो. पुढे पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी रडलो नाही. मला फक्त एक वाक्य आठवत होतं, माझंच. पाच आठवडे झाले, ते कुणाला सांगितलेलं नाही. आज इथे सांगतो.

विजू धुळ्याच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न दोन वर्षांत मोडलं, त्यावर ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं म्हणजेच जपणं असा समज आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी एकदा फोनवर म्हणाली, "भाऊ, मी गिटार शिकतेय." मी विचारलं, "कोणासाठी?" ती हसली. "कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी." क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं, त्यात ही पर्स सांभाळत बसायची. शिकवणारे बागूल सर आयटीआयमध्ये नोकरी करायचे. त्यांना ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांचं वेड, ते त्यांनी हिला लावलं. मला तिनं फळ्यावर सांगावं तसं समजावलं होतं. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, तीन. बार बारा, चार-चार ठोक्यांचे. बारा संपले की परत पहिल्यापासून, गोल गोल. चौकट ठरलेली, पण तिच्या आत काय वाजवायचं ते तिथल्या तिथे आपलं आपण काढायचं. "पाठ करता येत नाही, हाच घोळ आहे," ती म्हणायची. "सर म्हणतात, बाई, तुम्ही पाढे म्हणताय." आणि खरंच, ती वाजवायची ते पाढ्यांसारखंच होतं, चढायचं, उतरायचं, एक चूक नाही, आणि ऐकणाऱ्याला काहीच होत नाही.

मग आबा, आमचे वडील, गेले, आणि महिन्याभरात अक्का, आमची आई, मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच, ती खाटेला लागली. मी विजूला बोलावून घेतलं. "थोडे दिवस ये," म्हणालो. तिनं वर्षाची बिनपगारी रजा टाकली आणि जळगावात मेहरूणच्या आमच्या घरात, गच्चीलगतच्या खोलीत राहायला आली. अक्काला उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं... ज्योती स्वयंपाकाचं बघायची, मी दुकानाचं कारण सांगून मोकळा. अक्का मूळची पारोळ्याची, तिची बोली अजून तिकडची. दिवसातून तीस-चाळीस वेळा खालून हाक यायची, "विजू वं..." आणि शेवटचा स्वर वर ओढलेला असायचा, लागता लागता न लागलेला. वरून उत्तर जायचं, "आऽले." चपलांचा आवाज, जिना, दार. तळ्यावर फिरायला जाईन म्हणून तिनं आणलेले बूट तसेच खोक्यात राहिले. त्यात आबांचा दुखवटा. आमच्यात वर्षभर घरात वाद्य वाजत नाही, टीव्हीचासुद्धा आवाज बंद. विजूनं वाद घातला नाही. आबांचा एक जुना रुमाल घडी करून तिनं गिटारच्या तारांखाली, पार टोकाला, दाबून बसवला. तार छेडली की नुसतं ठक् व्हायचं. "दुखवटाही पाळला जातोय, बोटंही चालती राहतायत," म्हणाली.

उन्हाळ्यात शाळेचं पत्र आलं. जूनमध्ये रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. त्या संध्याकाळी गच्चीत पापड गोळा करताना ती म्हणाली, "भाऊ, मी एक ठरवलंय. हसू नकोस. जूनच्या आत एकदा, एकदाच, बारा बार माझं मला वाजवता आलं तर मी धुळ्याला परत जाणार. नाही आलं तर समजेन, वेड होतं ते."

"आणि अक्का?"

"बाई ठेवू. शनिवार-रविवार मी येईन. मी काय पळून चालले?"

मी पापडांचा डबा उचलला आणि खाली आलो. मला तिच्या वाजवण्याची खात्री होती. येणार नाही याची.

मग ती दुपार. सकाळपासून लाइट नव्हती म्हणून दुकान बंद करून मी लवकर घरी आलो होतो. मे महिन्यातलं जळगावचं ऊन सांगायला नको. सगळीकडे सामसूम, पंखेसुद्धा बंद. जिना चढत होतो तो वरून मोबाइलवरचा हलका ठेका ऐकू आला, बागूल सरांनी तिच्यासाठी भरून दिलेला. त्यावर विजूची ती ठक्-ठक्. दोन फेऱ्या नेहमीच्या, पाढ्यांच्या. मग ती थांबली. ठेका एकटाच चालत राहिला. मला वाटलं, सोडलं हिनं. आणि मग तीन स्वर आले, तिसरा तार ढकलून वर ओढलेला, लागता लागता न लागलेला... मी कठड्याला धरलं. ती अक्काची हाक होती. "विजू वं." जशीच्या तशी. मग जागा सोडून दोन स्वर खाली उतरले, "आऽले." पुन्हा हाक, यावेळी थोडी चिडलेली. पुन्हा उत्तर, उशिरा, कंटाळून. मग उत्तर आलंच नाही. नुसती हाक, हाक, हाक, आणि शेवटी असं काहीतरी आलं की त्यात आबा होते, तो जिना होता, खोक्यातले बूट होते, आणि ते बरोबर बाराव्या बारला येऊन टेकलं. रुमालानं दबलेल्या तारा, आवाज वीतभर पोचेल एवढा. पण माझ्या छातीत तो मावेना.

दार उघडून ती बाहेर आली. घामानं चिंब, केस गालाला चिकटलेले, आणि चेहरा दहावीच्या निकालादिवशी होता तसा. मला बघून थबकली.

"भाऊ... ऐकलंस?"

मी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"झालं ना ते? मला वाटतंय झालं. पण परत नाही यायचं ते तसं, आणि माझी मला खात्री नाही. तू इथंच होतास ना? सांग ना, ऐकलंस?"

मी हो म्हणालो असतो तर ती जूनमध्ये गेली असती. मग रात्रीबेरात्रीच्या हाका मला आल्या असत्या. एवढंच होतं, याहून मोठं कारण नव्हतं. अक्कावरचं प्रेम नाही, लोकलाज नाही. मी म्हणालो, "नाही गं. खाली पाण्याची मोटार चालू होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि अक्काकडे गेली. चौथ्या दिवशी तिनं राजीनामा पाठवला.

पुढची तीन वर्षं ती याच घरात होती. गिटार पुन्हा तिनं हातात घेतलेली मी पाहिली नाही. दुखवटा संपला तरी रुमाल निघाला नाही. घरात मात्र तिचा एक विनोद रुळला. ज्योतीनं काही विचारलं आणि मी पेपरातून मान वर केली नाही, की विजू म्हणायची, "राहू दे वहिनी, भाऊची मोटार चालू आहे." सगळे हसायचे. मीही हसायचो. ती ते दुपारचं विसरली, याची मला ती खूण वाटायची.

परवा पुन्हा लाइट गेली. मी अक्काच्या उशाशी बसून हातपंख्यानं वारा घालत होतो. तिचे डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली. तर आपल्याच तंद्रीत म्हणाली, "असाच पंखा तिनी धरा व्हता. वरथून उनी आनि हासत बसनी. म्हने, अक्का, भाऊ म्हनस मोटार चालू व्हती. लाइट त सकायपासून नही शे."

माझा हात थांबला.

"मी म्हनं, मंग तसं सांग त्याले. ती म्हने, नको. त्याले मी आठेच पायजे."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. मी ऐकलं होतं हे, आणि मला ती इथेच हवी होती हेही. तिला जे हवं होतं ते, खरंच वाजलं याचा होकार, माझ्या खोट्यातूनच मिळालं होतं; ती गेली असती तर मी अडवू शकलो नसतो. तीन वर्षं ती मला सांगत होती आणि मी हसत होतो.

आता तिचा दुखवटा आहे. घर पुन्हा गप्प आहे. वरच्या खोलीत गिटार भिंतीला टेकून आहे, तारांखाली आबांचा रुमाल, घडीवर धूळ. मी तो काढलेला नाही. माझा तेवढा अधिकार नाही. अक्का मात्र विसरते. दिवसातून तीस-चाळीस वेळा हाक येते, "विजू वं..." आणि तिसरा स्वर वर ओढत तिथेच राहतो. मी जिन्यात असलो तर कठडा धरून थांबतो. उत्तराची जागा रिकामी जाऊ देतो, जशी तिनं त्या दुपारी जाऊ दिली होती. मग म्हणतो, "आलो."