पुढचा पाय पडेपर्यंत

९ मे, शुक्रवार. रेड्याचा गाभा बदलायचा होता.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात धनुष्यबाणाचा सराव चालतो. तिथली देखभाल माझ्याकडे आहे, आणि धनुष्यांच्या दोऱ्या, चाकं, नेम जुळवणं माझ्या नवऱ्याकडे. नेमासाठी फोमचे प्राणी उभे केलेत: हरीण, रानडुक्कर आणि आफ्रिकेतला जंगली रेडा. त्यांच्या छातीचा ठोकळा, म्हणजे गाभा, वेगळा निघतो. बाणांनी त्याची चाळण झाली की ओढून काढायचा आणि नवा ठोकून बसवायचा.

हा ठोकळा एकट्या शेठनी संपवला होता. बर दुबईत त्यांचं कापडाचं दुकान आहे. आठ दिवसांनी ते आफ्रिकेत, रीतसर परवाना काढून, बाणाने रेडा मारायला जाणार होते. सोबत माझा नवरा जाणार होता. काम काय, तर दुसरं धनुष्य घेऊन शेठच्या दोन पावलं मागे चालायचं.

जुना ठोकळा कचऱ्याच्या डब्यात मावत नाही, म्हणून करवतीने दोन तुकडे केले. बाहेरून सगळी भोकं नेमासाठी आखलेल्या वर्तुळाच्या आत होती. आत मात्र निम्मी भोकं तिरकी होऊन पोटाकडे गेली होती. मी प्राणी अधूनमधून थोडे वळवून ठेवते. रेडा आपल्याकडे अर्धवट तोंड करून उभा असला, तरी शेठ त्याच वर्तुळात मारत होते.

माझे वडील रत्नागिरीकडच्या गावात बकरी ईदला बोकड सोलायचे आणि मी परात धरायचे. फुप्फुसं कुठे असतात हे मला चित्रावरून शिकावं लागलं नाही. ती पुढे असतात, खाली, पुढच्या पायांच्या आड. जनावर आडवं उभं असेल आणि आपल्या बाजूचा पाय त्याने पुढे टाकला असेल, तरच ती जागा उघडी पडते. तोवर थांबायचं. तिरका बाण पोटात शिरला तर जनावर मरतं, पण तासांनी. आणि रेडा तेवढा वेळ गवतात उभा राहून माग काढणाऱ्यांची वाट बघतो. हे मला नवऱ्यानेच व्हिडिओ दाखवून सांगितलं होतं, हौसेने.

जेवताना मी ठोकळ्याचे दोन्ही तुकडे त्याच्यासमोर ठेवले.

"दहापैकी दहा आहेत," तो म्हणाला. "नेम बघ त्यांचा."

"नेमाचं कोण म्हणतंय? थांबता येत नाही त्यांना."

"तिथे मागे बंदूकवाला असतो, अगं."

"एक असतो. आणि रेडा आला तर आधी कोण दिसेल त्याला, बंदूकवाला की तुम्ही?"

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "तिकीट निघालंय."

संध्याकाळी शेठ आले. मी रेडा खोकी वाहायच्या ट्रॉलीवर बांधून पडद्यामागे ठेवला होता. दोरी माझ्या हातात होती. दोरी ओढली की रेडा तिरका, तोंड आपल्याकडे करून बाहेर येणार, आणि मी सावकाश चार आकडे मोजेपर्यंत वळून आडवा होणार.

"शेठ, हवा तेव्हा बाण सोडा," मी भिंतीआडून सांगितलं.

"यल्ला, चला भाभी. आणा तुमच्या यमाच्या वाहनाला."

दोन म्हणेपर्यंत बाण बसला. दुसऱ्यांदाही दोनला. तिसऱ्यांदा मी अजून हळू ओढलं, तर दीडलाच. गोदामात तेवढाच आवाज होता, दोरीचा आणि लगेच फोमचा. माझा नवरा शेठच्या दोन पावलं मागे उभा होता, आफ्रिकेत राहील तसाच. हातात दुसरं धनुष्य. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा दोरीकडे वळले.

"खलास," शेठ म्हणाले. "तिन्ही वर्तुळात. भाभी, आता तरी सर्टिफिकेट द्या."

मी बाण उपसले आणि सळई भोकात घालून दाखवली. तिन्ही वेळा ती पोटाकडे गेली.

"हा रेडा पळाला असता, शेठ."

"पळू दे की. रक्ताच्या मागे जाऊ. दोन तासांत सापडेल." ते हसले आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "हा आहे ना."

नवराही हसला. पण धनुष्य पेटीत ठेवताना त्याने कडी दोनदा लावली, आणि दोन्ही वेळा ती निसटली.

शारजात, अल मजाजला घरी पोचल्यावर मुलीला सांगितलं, तर ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "देन डोन्ट लेट हिम गो, ममा. सिम्पल." सिम्पल नव्हतं. नाही म्हटलं तर शेठ दुसऱ्याला नेतील आणि तोही दोन पावलं मागेच चालेल. शिवाय नवऱ्याला जायचं होतं, भीती वाटत असूनही.

झोपताना मी फोमचा रेडा डोळ्यांसमोर आणला. मग लक्षात आलं. त्याचा आपल्या बाजूचा पुढचा पाय कायम पुढे टाकलेला असतो. बनवणाऱ्यांनी तो तसाच बनवलाय, जागा उघडी दिसावी म्हणून. सहा महिने शेठ अशा जनावरावर शिकले होते, ज्याच्यासाठी कधी थांबावंच लागत नाही.

सकाळी सातला मी गोदाम उघडलं. मालकांना विचारलं नाही, नंतर सांगितलं. रेड्याचा तो पाय खांद्यातून कापला आणि लांब बोल्ट घालून परत बसवला, मागेपुढे हलेल असा. खुराला दोरी बांधली. छातीवरचं वर्तुळ पॉलिशपेपरने घासून काढलं आणि वर काळा रंग दिला. मग शेठना फोन केला.

"आजपासून रोज सकाळी यायचं. पाय मागे असेल तर बाण सोडायचा नाही. तोंड इकडे असेल तरी नाही. काही फेऱ्यांत मी पाय पुढे आणणारच नाही."

"आणि मी सोडला तर?"

"मग एकट्याने जा. ह्यांचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे. ह्यांच्यासमोरच ठेवलाय."

नवरा दारात झाडू घेऊन उभा होता. तो फोमचा भुसा गोळा करायला लागला.

"किती वाजता येऊ?" शेठनी विचारलं.

मी नऊ सांगितलं, फोन ठेवला आणि दोरी हातात घेऊन भिंतीआड उभी राहिले.