मामांच्या गोगलगायी

माझ्या मामांइतका समुद्रावर जीव असलेला माणूस साऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. त्यांना पोहता येत नव्हतं, मासळीच्या वासानं त्यांना मळमळायचं आणि किनाऱ्याच्या दमट हवेत त्यांचा दमा उसळायचा, तरीही मी हे म्हणतो. चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता. निजामाच्या राज्यात कारकुनाची बदली व्हायची ती फार तर बीडला नाहीतर नांदेडला. पुढं आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि सरकारनं मामांना उचलून थेट रत्नागिरीला धाडलं. दोन वर्षांनी ते परतले ते एक अबोल बायको, समुद्राच्या पाण्यानं भरलेले रॉकेलचे दोन डबे आणि त्या पाण्यात जपून आणलेल्या पाच-सात गोगलगायी घेऊन. मामा आता नाहीत. ते गेल्याचं कळल्यापासून माझ्या मनात दुसरं काही येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं लिहून ठेवतो आहे.

डब्यांच्या प्रवासाची हकीकत मामा स्वतःच सांगत. घाट एसटीनं चढून पुढं ते लहान रुळांच्या गाडीनं येडशीला यायला निघाले. गाडीत समोर बसलेल्या एका म्हातारीनं ते एवढं जपून नेलेलं पाणी पाहिलं आणि हात जोडले. "गंगा हाय का, दादा?" मामांना कुणाला नाही म्हणणं जन्मात जमलं नाही. त्यांनी झाकण उघडून तिच्या ओंजळीत थोडं पाणी घातलं. म्हातारीनं ते डोळ्यांना लावलं, प्याली, तिचं तोंड वाकडं झालं, पण श्रद्धा सुटली नाही. "लई दिवसांची भरून ठिवल्याली दिसतीया," ती म्हणाली. हे सांगून सगळे हसले की मामा गंभीर होऊन विचारत, "बिचारीला पुण्य लागलं असेल का रे?"

मी त्याच सुमारास शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि मामांकडेच राहत होतो. तुळजापूरच्या एका पेढेवाल्याकडून मामांनी काचेची मोठी बरणी मिळवली, तळाशी किनाऱ्यावरचे शेवाळलेले दगड ठेवले, गोगलगायी सोडल्या आणि बरणी खिडकीत मांडली. मग सगळ्यांना बोलावून त्यांनी एखादा हुकूम वाचून दाखवावा तसं सांगितलं, "ह्या जगल्या तर आपण इथंच राहू. मेल्या तर त्याच दिवशी तबादल्याची दरख्वास्त टाकतो आणि हिला तिच्या समुद्रावर परत नेतो. माझा शब्द आहे." माझी आई म्हणाली, "अरे, किड्यांना काय विचारतोस? बायकोला विचार ना." मामा म्हणाले, "ती बरं आहे असंच म्हणणार. गोगलगाय खोटं बोलत नाही." मामी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, मला दिसलं नाही.

त्या दिवसापासून मामांचं निम्मं आयुष्य त्या बरणीत गेलं. कचेरीत फाइल बाजूला सारून ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत आणि म्हणत, "आता तिकडं भरती असेल." शेजारचा कारकून म्हणायचा, "भरती आली का, रावसाहेब? मग चहा सांगा." मामा खरोखरच चहा सांगत. आणलेलं पाणी संपलं तेव्हा त्यांनी विहिरीच्या पाण्यात खडामीठ विरघळवून स्वतःच समुद्र करायला घेतला. माप एकच, जिभेचं. रत्नागिरीत त्यांनी रोज सकाळी पाण्याच्या कडेला बसून बोट बुडवून चाखलं होतं, ती चव विसरायची नाही असं ठरवून. पण आपल्या जिभेची खात्री वाटेना म्हणून गावात समुद्र पाहिलेलं आणखी कोण आहे याचा त्यांनी शोध घेतला. सापडले ते हज करून आलेले एक वृद्ध कापडवाले. मामा वाटी घेऊन त्यांच्या दुकानात गेले. हाजीसाहेब वाटीकडं आणि मामांकडं आळीपाळीनं बघत राहिले. "मियाँ, जहाजमें मैं सीधा पडा था, उलट्या करता. समुंदर देखा भी नै ठीकसे, चखता कब?" तरी मामांचं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी बोट बुडवलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "थोडा नमक और." मामांनी त्या दिवशी आनंदानं पायजम्याचं कापड घेतलं. त्यांना त्याची गरज नव्हती.

मामी मात्र बोलत नसत. भाकरी थापायला त्या शिकल्या, ज्वारीची सवय करून घेतली, पण दुपारी काम आटोपलं की खिडकीशी बसून राहत. एकदा त्यांनी मला विचारलं, "मास्तर, इथला वारा एवढा वाहतो, पण त्याचा आवाज का येत नाही हो?"

पहिल्या उन्हाळ्यात बरणीतलं पाणी झपाट्यानं आटू लागलं. पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. आटलं की मामा वरून हाजीसाहेबांच्या पसंतीचं खारं पाणी ओतत. गोगलगायी काचेवरून चढून बरणीच्या तोंडाशी येऊन बसू लागल्या. मामा खूश. "हवा खायला येतात," ते म्हणत. मग काही दिवसांनी त्या पुन्हा खाली दगडांवर दिसू लागल्या आणि मामा अधिकच खूश झाले. दिवसा त्या हलत नसत, पण रोज सकाळी जागा बदललेली असे. कुणी या दगडाखालून त्या दगडावर, कुणी काचेजवळ. "रात्रीच्या फिरतात," मामांनी शास्त्र बांधलं आणि ते पाहुण्यांना ऐकवू लागले.

एका पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर मामी बरणीत हात घालून उभ्या होत्या. एक एक शंख उचलून, तोंड खाली करून, त्या नव्या जागी ठेवत होत्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. केव्हाच मेल्या, त्या म्हणाल्या. आतलं सगळं सुईनं काढून टाकलं, वास येऊ नये म्हणून.

"मामी, सांगून टाका की. मामांनी शब्द दिलाय. तुम्हांला घरी जायला मिळेल."

"मिळेल ना," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडं मान वळवून त्यांनी मला खूण केली. मामांचं घोरणं ऐकू येत होतं. "ऐकलंत? तिकडं पावसात हे आडवे होऊ शकत नसत. उशीला टेकून बसायचे, आणि श्वास येतो की नाही ते बघत मी जागी. इथं कसे घोरतात बघा. ह्यांना नका सांगू हां, मास्तर."

मी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मामींना मुदतीचा ताप आला. डॉक्टर झाले, बाहेरगावाहून आणलेली औषधं झाली, तुळजाभवानीला बोलून झालं. ताप उतरला नाही. मामी गेल्या.

घर माणसांनी भरलेलं होतं आणि मामा खिडकीशी बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "अरे, ह्या कालपासून जागच्या हलल्या नाहीत. मुक्या जिवाला कळतं बघ." तिसऱ्या दिवशीही त्या हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मामांनी बरणीत हात घातला, एक शंख उचलला, चष्म्याजवळ नेला आणि तळहातावर तोलून पाहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

मामांनी शंख होता तिथं परत ठेवला. मग म्हणाले, "रोज सकाळी मला हाक मारायची. बघा हो, फिरल्या, म्हणायची."

तेरा दिवस झाल्यावर ते कचेरीत गेले आणि साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी बदलीचं कारण विचारलं. "गोगलगायी मेल्या, साहेब," मामा म्हणाले. साहेब चांगले होते. म्हणाले, थोडे दिवस रजा घ्या. "रजा नको. मी शब्द दिला होता." मी घरी वाद घातला. मामी नाहीत, आता तिकडं कुणासाठी जायचं? आणि त्या पावसात तुमचं काय होईल? मामींच्या वर्षभराच्या धडपडीचा तरी विचार करा. मामा बरणीच्या तोंडावर फडकं बांधत होते. "कळतं रे मला. तिनं मला जपलं. पण ती इथं राहिली नाही, नुसती थांबली. निदान आता तरी मला नेऊ दे." मी फडक्याची गाठ धरून दिली. आपणहून कोकणात जायला आमच्याकडून कुणी मागत नव्हतं, त्यामुळे हुकूम लवकर निघाला. तिथं त्यांनी दोन पावसाळे काढले. तिसरा निघाला नाही.

त्यांना निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेलो होतो. ट्रंक टपावर चढली. बरणी पाहून कंडक्टर म्हणाला, "काका, हे बी वर द्या. आत फुटलं तर लोकं माझ्या नावानं बोंबलतील. काय हाय त्यात?"

"घरातल्यांचं सामान आहे," मामा म्हणाले. "माहेरी पोचवायचंय."

कंडक्टरनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवून त्यानं खिडकीजवळची जागा मोकळी करून दिली.