आमचं ध्यान

परवा बिडकीनच्या बाजारात घोंगड्यांचा लोकरी वास आला आणि मला टँकरपुढची ती रांग आठवली. दुष्काळाचं वर्ष होतं. लग्न होऊन मी नुकतीच शहरात, पुंडलिकनगरला राहायला आले होते. गावाकडं मेंढरं विकून टाकल्यावर धाकटा भाऊ म्हाळू मला भेटायला आला, तो थेट रांगेतच. खांद्यावर घोंगडी, तुटलेली चप्पल हातात. माझ्याकडून भरला हंडा घेताना धडपडला आणि निम्मं पाणी सांडलं.

घरी आई त्याला ‘आमचं ध्यान’ म्हणायची, आणि म्हणताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. मीही तसंच म्हणायचे.

“कोण गं हा?” शेजारणीनं विचारलं.

“कुणी नाही. गावाकडचं एक ध्यान,” मी म्हणाले.

बायका हसल्या. म्हाळूही हसला, मग माझ्याकडं बघून थांबला. त्यानं हंडे तीन जिने चढवून दिले. मी पाणी पुढं केलं, तर म्हणाला, “नगं. तुलाच पुरायचं नाय.”

पुढं राखीपौर्णिमेला तो आला, तेव्हा मी लाडानं म्हटलं, “ये रं, ध्याना.”

त्यानं हात पुढं केला. मान खाली घालून म्हणाला, “ताई, नावानं हाक मार.”

तेव्हापासून मी त्याला म्हाळूच म्हणते.