शालिकरामचा डावा खांदा

अमरावतीच्या त्या व्यायामशाळेत शरीरशास्त्र शिकवायला सांगाडा नव्हता की चित्रं नव्हती. शालिकराम होता. बडनेऱ्याच्या वाटेवर भाजीचा मळा करणारा माळी, पण अंग असं कमावलेलं की चिंतामण मास्तरांनी बाजारात पाहिलं आणि थेट वर्गात आणून उभं केलं. सकाळी तो लंगोटावर उभा राही. मास्तर ओल्या गेरूनं त्याच्या अंगावर एकेक स्नायू आखत, आणि वऱ्हाड-मध्यप्रांतातून आलेले शिकाऊ शिक्षक कोणता स्नायू हात उचलतो, कोणता वळवतो ते त्याला हलायला लावून पाहत. गडी जरा मिजाशीत चालू लागला होता. का चालू नये?

मग एका दिवाळीनंतर ताप भरला. तो उतरला, पण डावा खांदा दुखत राहिला आणि होळीपर्यंत त्यावरचं मांस वाळून गेलं. हात खांद्याच्या वर जाईना.

"मास्तरले सांगून टाका ना," बायको मैनाबाई म्हणाली.

"सांगतलं तर उद्या दुसऱ्याले उभा करतीन. मंग मी कोन?"

त्यानं युक्ती काढली. उजवं अंग वर्गाकडे करून तो खिडकीशी तिरपा उभा राहू लागला. "उजेड इकून चांगला येते, मास्तर." मास्तरांनाही ते पटलं; ते उजव्याच अंगावर आखू लागले. माणसाचं अंग बघायला शिकवणारी ती शाळा, चाळीस जोडी डोळे, आणि सहा महिने एकालाही काही दिसलं नाही! शालिकराम मात्र रोज भीतीनं अर्धा होत होता.

परीक्षेला नागपूरचे डॉक्टर आले. त्यांनी सरळ सांगितलं, "समोर वळा. दोन्ही हात वर."

एकच हात वर गेला. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला. "वा! वाळलेल्या स्नायूचं असं उदाहरण शोधूनही सापडत नाही," म्हणत त्यांनी खांद्यावरच्या खळग्यात पेन्सिल टेकवली. मागची मंडळी बघायला बाकांवर चढली.

संध्याकाळी मास्तरांनी त्याला व्हरांड्यात बोलावलं. "घाबरू नको, तुला काढत नाही. अंगावर आखून घ्यायला अकोल्याचा एक पैलवान येतोय. तू त्याच्या शेजारी उभं राहायचं, डावी बाजू पुढे करून." मास्तरांना वाटलं, आपण मोठा उपकार केला. शालिकरामनंही मान हलवली.

घरी मैनाबाई दारातच उभी होती. "काढलं काय?"

"नाई. ठेवलं."

तिनं देवाला हात जोडले. वळून पाहते तो नवरा उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडत होता.

"मंग रडून काहून राह्यले?"

"आजवर अंग कसं असावं, ते माह्याकडं पाहून शिकत होते," तो म्हणाला. "आता कसं नसावं, ते शिकतीन."

मैनाबाईनं त्याचा डावा हात धरायला हात पुढे केला. त्यानं अंग चोरून तो धोतराच्या सोग्याखाली लपवला, तिच्यापासूनसुद्धा.