दोरा बांधण्यापुरतं थांबणं

"बंद कर," सर म्हणाले. मी तिसऱ्याच ओळीवर होते.

संगीताच्या वर्गात पहिल्या वर्षी सरांनी प्रत्येकाला घरचं एक गाणं म्हणायला सांगितलं होतं. मी आईचं, अम्माचं म्हटलं. तेलुगू. अम्मा आणि गल्लीतल्या बायका विड्या वळताना म्हणायच्या ते. सर टाळी देत होते आणि गाणं दर ओळीला टाळीतून निसटत होतं.

"हे गाणं नव्हे. हात चालावा म्हणून केलेली कुरकुर. बायकांना गळा असतो, शास्त्र नसतं."

वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

घरी जाऊन मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. अम्मा विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यासमोर बसून मी टाळी धरली. "अम्मा, मोजून म्हण." तिने प्रयत्न केला. विडीला दोरा बांधताना तिचा आवाज थांबायचा, गाठ बसली की पुढे जायचा. मी दर वेळी म्हणायचे, चुकलं.

शेवटी ती म्हणाली, "टाळीकडं बघू का दोऱ्याकडं बघू, सांग की."

दुसऱ्या दिवसापासून तिने गाणं सोडलं. मला पाहिलं की गुणगुणणंही बंद. मग अम्मा गेली.

आज मी तोच विषय शिकवते. पुस्तकही तेच. घरात एकटी असले की कानात तो थांबा येतो. आवाज नाही, नुसता थांबा. मी पुढच्या ओळीची वाट बघत राहते.

परवा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तेच सर आले. अक्कलकोटकडची एक मुलगी आजीचं कानडी गाणं म्हणत होती. मध्येच थांबली. सरांची टाळी पडली. शेजारी माझीही पडली. मी माझ्या हाताकडे बघितलं. मला त्या हाताची भीती वाटली.

"इथं का थांबलीस?" मी तिला विचारलं.

"हितं आज्जी भाकरी परततीय की, मॅडम."

सर हसले. "लय नाही. नापास."

"सर, हात खाली घ्या," मी म्हणाले. "चूक तिची नाही. मोजणाऱ्यांची आहे. तुमची आणि माझी."

सरांनी गुणपत्रकावर सही केली नाही. मी केली.

आज वर्गात फळ्यावर अम्माचं गाणं लिहिलं. ती थांबायची तिथे जागा रिकामी सोडली आणि खाली लिहिलं, इथे दोरा बांधला. अम्माला याचा काही उपयोग नाही. ती गप्पच गेली, आणि तिला गप्प मी केलं. पण माझ्या वर्गात यापुढे आधी विचारायचं, गाताना बाईचे हात काय करत होते. टाळी नंतर. हे ज्याला शास्त्र वाटत नाही, त्याने जाताना दार ओढून घ्यावं.