भरती कारकुनाने मागितलेले दोन दिवस

नोकरीत मी शेकडो पंचनामे लिहिले. बहुतेक विसरलो. एक मात्र शब्दन् शब्द पाठ आहे, आणि तो मी लिहिला नसता तर बरे झाले असते.

महायुद्ध चालू होते. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, माण तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. त्या कोरड्या मुलखातली माणसे फौजेत जात, मुंबईला जात, नाहीतर मेंढरांमागे फिरत. फौजेतून रजेवर आलेला एखादा परत जात नसे. मग पलटणीकडून ठाण्याला त्याच्या वर्णनाचा कागद येई आणि आमची शोधाशोध सुरू होई. तेव्हा असाच एक कागद माझ्याकडे होता.

एका बाजारच्या दिवशी एक गृहस्थ ठाण्यात आला. इकडेतिकडे पाहत म्हणाला, "सायेब, तुमी ज्याला हुडकताय, त्यो मेंढक्याचा गडी सांगलीला हाय. ताडपत्रीच्या कारखान्यात. नाव बदलून."

"तुला कसे कळले?"

"पोराला कामाला लावाया गेलतो, तवा बघितला. माझ्या पोराला भरती मास्तरनं घेतलं न्हाई. ह्या पळपुट्याला बरा घेतला!"

खबर बहुधा अशीच येते. ती देणाऱ्याला कायद्याची चाड नसते, त्याला दुसरेच काही खुपत असते. पण खबर खरी असू शकते, म्हणून मी स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. सांगली तेव्हा संस्थान होते. तिथल्या पोलिसांची परवानगी घेतली आणि साध्या कपड्यांत कारखान्यात गेलो.

हा भरती मास्तर म्हणजे कारखान्याचा भरती कारकून. तासगावकडचा, तिशीतला, सातवी पास. आधी तो लष्कराच्या भरतीवर मदतनीस होता. कारखान्यात आल्यावर गावोगाव फिरून माणसे आणण्याचे काम त्याला मिळाले. वर्ष-दोन वर्षांत कामगारांच्या रजा, तक्रारी, भांडणे सगळे त्याच्याच टेबलावर येऊ लागले. मालक त्याला शिक्षणासाठी मुंबईला पाठवून कामगार अधिकारी करणार होते. हे त्यानेच मला सांगितले, मी न विचारता.

मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि म्हणालो, "एवढी माणसे निवडता कशी, ते तरी सांगा."

माणूस खुलला. कपाट उघडून त्याने कार्डे काढली. प्रत्येक कामगाराचे एक कार्ड, सुवाच्य अक्षरात.

"नुसतं नाव लिहून भागत न्हाई, साहेब. घरी कोण हाय, आधी काय करत होता, हे विचारायचं. मेंढरं राखलेला गडी एका जागी बसत न्हाई. त्याला शिलाईवर घातला की आठ दिवसांत पळतो. त्याला माल उचलायला द्यायचा, मग बघा!"

मी मनापासून कौतुक केले आणि कौतुक करता करता कार्डे चाळत राहिलो. एका कार्डावर ओळखीची खूण लिहिली होती: डाव्या भुवईवर आडवा व्रण, उजव्या हाताची करंगळी वाकडी. माझ्या खिशातल्या पलटणीच्या कागदावर अगदी तेच होते. नाव तेवढे वेगळे.

मी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"खूण खोटी का नाही लिहिली?" मी विचारले.

"मशीनवर काही इजा झाली तर ओळख पटाय पायजे. नाव तेवढं खोटं लिहिलं." मग खाली बघत म्हणाला, "त्याला फौजेत मीच घातला होता. सोळा वर्षांचा होता. वरच्यांना आकडा दाखवायचा म्हणून मी अठरा लिहिलं. आई म्हणाली, 'आवं मास्तर, ह्यो कवा येईल?' मी म्हणालो, सहा महिन्यांत. तीन वर्षांनी रजेवर आला, तर बाप गेलेला, आई अंथरुणावर. त्यो परत गेला न्हाई. माझ्याकडं आला. मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

मग त्याने हात जोडले. स्वतःसाठी नव्हे.

"मला काय करायचं ते करा. पण त्याला दोन दिवस द्या. आईला मामाकडं पोचवू दे, मग मी त्याला घेऊन पलटणीत जातो. आपण होऊन हजर झाला तर शिक्षा कमी हुती, साहेब."

ते खरे होते. दोन दिवस देणे माझ्या हातातही होते. पण तो आपण होऊन हजर झाला असता, तर माझ्या नावावर अटक लागली नसती. मी नवा होतो. साहेबांच्या नजरेत भरायचे होते. तासाभरात मी त्या तरुणाला ताडपत्र्यांच्या ढिगाऱ्यावरून खाली उतरवले, बेड्या घातल्या आणि तो पंचनामा लिहिला. त्याने मास्तरकडे एकदाच पाहिले.

तरुणाला पलटणीच्या ताब्यात दिले. पळून आलेल्याला आसरा दिल्याबद्दल मास्तरला तीन महिन्यांची कैद झाली. नोकरी गेली आणि मुंबईला शिकायला जाणेही राहिले. माझ्या सेवापुस्तकात उत्तम शेरा आला.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि माझी बदली सांगलीला झाली. त्याच कारखान्यात संप झाला. दगडफेक होण्याच्या बेतात होती. मी बंदोबस्त घेऊन फाटकाशी उभा होतो. एक जुना कामगार पुढे येऊन म्हणाला, "लाठ्या कशाला? आमच्या मास्तरला बोलवा. त्यो सांगंल ते आमी ऐकू."

मास्तर हळदीच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडे हमालांवर देखरेख करत होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला ओळखले, अंग झटकले आणि मुकाट्याने बरोबर आला. दोन्ही बाजूंशी तो दिवसभर बोलला. संध्याकाळी फाटक उघडले.

नवे व्यवस्थापक त्याला कामगार अधिकारी नेमायला तयार होते. फक्त पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला हवा होता. तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. शिक्षा झाली आहे, हे लिहिणे भाग होते. खाली मी शिफारशीच्या चार ओळी लिहिल्या. वरच्या कचेरीने त्या खोडल्या. नेमणूक झाली नाही.

हे सांगायला मी त्याला ठाण्यात बोलावले. मला वाटले, तो चिडेल. तो म्हणाला, "ते असू द्या, साहेब. एक विचारायचं होतं. आपला त्यो गडी सुटला का? पेठेत एक जागा हाय, मालाची चढउतार. त्याला जमंल."

इतक्या वर्षांत मी एकदाही चौकशी केली नव्हती. त्या दिवशी पलटणीला पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले: शिक्षा भोगून सुटला, पुढचा पत्ता नाही. माणला माणूस पाठवला. घराला कुलूप होते. आई कधीच वारली होती.

अटक झाली की गुन्ह्याचा तपास संपतो, असे मी मानत आलो होतो. त्यातल्या माणसांचे पुढे काय झाले, हे विचारायचे असते, हे मला त्या भरती कारकुनाने शिकवले. त्यानंतरच्या प्रत्येक प्रकरणात मी ते विचारले. ज्याच्याबद्दल विचारायला हवे होते, तो मात्र मला सापडला नाही.