न दिसणारा उजेड आणि निपाणीकर

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट वीस मिनिटं एका जागी पडलेला असतो, हलायची परवानगी नसते, मग तोंड तेवढं चालतं! त्यात आमची निपाणी तंबाखूची. इथं पान चुरडून नाकाला लावल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. अशा गावात मी लेसरचं मशीन आणलं. त्याचा खरा उजेड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो झोंबतही नाही!

खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. मशीन विकणारा म्हणाला, "मॅडम, टाचेपासून टकलापर्यंत सगळ्यावर चालतं!" सगळ्यावर चालणाऱ्या औषधावर विश्वास ठेवायला आमच्या आईनं शिकवलेलं नाही. पण दुखणं कमी होतं, जखम भरायला मदत होते, एवढं वाचून, विचारून मी ते घेतलं. आणि तेव्हापासून अख्खं गाव माझ्याकडं संशयानं बघायला लागलं.

* * *

पहिले पेशंट रावसाहेब अण्णा, तंबाखूचे जुने व्यापारी, गुडघेदुखीनं हैराण. लेसर चालू असताना पेशंटनं आणि मी, दोघांनी गडद चष्मा घालायचा असा नियम आहे. मी त्यांना चष्मा चढवला, तसा त्यांनी तो काढला.

"मला आंधळं करून तू काय करणार हाईस?"

"अण्णा, मीपण घातलाय की!"

"मग तुला तरी काय दिसतंय?"

त्यांनी चष्मा वर केला की मी मशीन बंद करायची. सहा मिनिटांची ट्रीटमेंट त्या दिवशी पाऊण तास चालली.

* * *

त्याच आठवड्यात शेवंताआक्का आल्या. चाळीस वर्षं बिड्या वळणारी बाई, एकटी राहणारी. अंगात साखर आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली तीन महिने न भरणारी जखम. बेळगावच्या सर्जननी सहा आठवड्यांची मुदत दिली होती. साखर आवरायची, रोज ड्रेसिंग करायचं, पायावर भार द्यायचा नाही. नाही भरली तर अंगठा काढायचा. ऑपरेशनची तारीखसुद्धा कागदावर लिहून दिली होती. जोडीला लेसर करून बघा, असं त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांनी सुचवलं, म्हणून त्या माझ्याकडं आल्या.

मशीनकडं त्यांनी खालीवर बघितलं.

"ह्येनं अंगठा वाचतोय व्हय?"

"मदत होते, आक्का. खात्री मी देत नाही."

"खात्री देत न्हाईस म्हंजे खोटं बोलत न्हाईस. बरं, लाव!"

मी हसले खरी, पण भीती मलाच जास्त वाटत होती. अंगठा गेला की चालीचा तोल जातो. एकट्या बाईनं मग नळाचं पाणी कसं भरायचं?

* * *

बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात कामाला असलेला संजू खांदा धरून आला. मशीनवरचं 'लेसर' वाचलं आणि दारातच थांबला.

"मॅडम, आमच्यात लेसरनं लोखंड कापत्यात! एवढी जाड प्लेट, लोण्यागत!"

"अहो, ते वेगळं. हे फार कमी ताकदीचं असतं."

"किती वॅट?"

"दहा."

तो आत आला, खुर्चीत बसला, पाय पसरले.

"दहा? आमचं तीन हजाराचं हाय. दहा वॅटात माझ्या खांद्याला काय कळणार हो?"

भीतीपासून अपमानापर्यंत माणूस अर्ध्या मिनिटात पोचला!

* * *

चिकोडीकडच्या एका जैन घरातल्या आज्जींना त्यांचा मुलगा संध्याकाळी घेऊन आला. शेतीची कामं उरकून यायचं म्हणून त्यानंच साडेसहाची वेळ घेतली होती. आज्जींनी खिडकीबाहेर बघितलं.

"दिवस मावळला की मी पाणीसुदीक घेत न्हाई. ह्यो उजेड घ्यायला चालतोय?"

"आई, ते खायचं न्हाई!" मुलगा म्हणाला.

"अंगात जातोय न्हवं?"

इथं मी गप्प बसायचं, तर शहाणपणानं म्हणाले, "हो, दोन-तीन सेंटिमीटर आत जातो."

"बघ! आत जातोय म्हणती!"

पुढची दहा मिनिटं मायलेकांचं कन्नडमध्ये भांडण झालं. मला सगळं कळत होतं, तरी मी मशीनची वायर गुंडाळत राहिले. शेवटी दुपारी चारची वेळ ठरली. निघताना आज्जींनी हळूच विचारलं, "ह्या उजेडानं बारीक जीव मरत न्हाईत न्हवं?"

"नाही आज्जी, काही मरत नाही."

आज्जींचा जीव भांड्यात पडला. मुलाचं तोंड मात्र उतरलं.

"काहीच मरत न्हाई? मग दुखणं कसं मरायचं?"

* * *

लेकीकडं आलेले कडोलीचे निवृत्त हेडमास्तर. गावच्या साहित्य संमेलनात दिवसभर सतरंजीवर बसून भाषणं ऐकली, आणि कंबर धरली ती धरलीच. गुरुजींना मी सगळं नीट समजावून सांगितलं. लाल ठिपका फक्त जागा दाखवायला असतो, काम करणारा किरण डोळ्याला दिसत नाही.

"म्हणजे दिसतो तो कामाचा नाही, आणि कामाचा तो दिसत नाही?"

"हो."

"हे आम्ही मुलांना शिकवलं असतं तर पालकांनी शाळा बंद पाडली असती!"

मग मी त्यांचाच मोबाईल घेऊन कॅमेरा चालू केला आणि समोर टेबलावर घडी करून ठेवलेल्या टॉवेलवर किरण सोडला. काही मोबाईलच्या कॅमेऱ्यांना तो दिसतो. स्क्रीनवर फिकट जांभळा ठिपका उमटला. गुरुजींनी टॉवेल बघितला, मोबाईल बघितला, परत टॉवेल बघितला.

"मशीनबद्दलची शंका फिटली," ते गंभीरपणे म्हणाले. "आता मोबाईलबद्दल आली."

बाकावर पाय वर करून बसलेल्या शेवंताआक्का तेवढ्यासाठी दोन तास थांबल्या होत्या. त्यांना दुसऱ्याचा संशय बघायला फार आवडायचं.

* * *

एका बाईंच्या कोपरापाशी नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं. मी म्हटलं, "गोंदलेल्या जागेवर लेसर लावत नाही. शाई तापते."

"तापून पुसतंय काय?"

बाहेर बसलेले यजमान ताडकन आत आले. "काय पुसतंय?"

"तुमचं नाव!"

"राहू दे, राहू दे! हात हाय तसाच राहू दे!"

"बघा हो डॉक्टर," बाई म्हणाल्या, "हात माझा दुखतोय, आनी काळजी ह्येंना नावाची!"

* * *

आणि हा शेवटचा.

शेवंताआक्कांची जखम मी दर शनिवारी पारदर्शक फिल्मवर उतरवून घ्यायची. आक्कांना ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. "प्लॅस्टिक तूच धरतीस, रेघ तूच मारतीस, मोजतीस बी तूच. मला काय कळणार?"

मुदत संपली तशी मला म्हणाल्या, "बेळगावला तू बी चल." दोघी एसटीनं गेलो. सगळ्या वाटेनं त्यांच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता.

सर्जननी जखम बघितली. "कमी वाटते. पण 'वाटते' यावर मी अंगठा सोडत नाही. नंतर पाय काढायची वेळ आली तर?" ऑपरेशनचा कागद त्यांच्या समोरच होता. मी घाईनं माझ्या सहा फिल्म पुढं केल्या.

"ह्या तुम्हीच काढल्यात ना?"

आक्कांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की काय सांगू!

मग त्यांनी डबा उघडला. आत बिडीच्या तेंदूपानाचे सहा तुकडे. दर शनिवारी दवाखान्यात जखम डोळ्यात साठवायची आणि घरी जाऊन पान भिजवून कात्रीनं तेवढाच तुकडा कापायचा! टेबलावर त्यांनी ते ओळीनं मांडले. पहिला रुपयाएवढा, शेवटचा मसुरीच्या डाळीएवढा. मी माझ्या फिल्म शेजारी ठेवल्या. आकार जवळजवळ तोच. ज्या बाईनं चाळीस वर्षं एका मापाची पानं कापली, तिच्या डोळ्याला मोजपट्टी कशाला लागते?

सर्जनही कसलेले. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरला. "आक्का, पान वाळलं की आकसतं. मग हे माप खरं कसं धरायचं?"

मी माझ्या फिल्म गोळा करायला लागले. आक्का मात्र खुर्चीत पुढं सरकल्या.

"आकसतंय की! पयलं पान पाच आठवडं वाळलंय. ह्ये शेवटचं परवाचं, अजून वलं हाय. तरी मोठं कुठलं हाय, तुमीच बघा!"

सर्जननी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी शेजारी धरलं. मग परत खाली वाकून पाय बघितला, सगळीकडून दाबून बघितला. आणि पेन घेऊन कागदावरच्या तारखेवर आडवी रेघ मारली. "ड्रेसिंग चालू ठेवा. महिन्यानं या."

बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले. स्टँडवर आम्ही चहा घेतला. मला राहवेना.

"आक्का, आता तरी लेसरवर विश्वास बसला ना?"

आक्कांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सा आठवडं ह्यो असला बिनसाखरेचा चहा प्यालाय म्या. तुझ्या मशीननं प्यालाय काय?"